निवडटिपण

सकाळी आठला ताटली पुढ्यात येते.
नऊ हजार वर्षांचा केर,
पाण्यात धुतलेला, कोन्याच्या उन्हात वाळवलेला.
आणि मी, गुलिझार, सातवी शिकलेली,
चिमट्यानं निवडत बसते,
सासूबाईंनी मसूर निवडायला शिकवला तशी:
मान हलवायची नाही, नुसती बोटं.

हाड इकडे. कोळसा तिकडे.
माशाचा काटा वेगळ्या डबीत.
(इथं मासा! आमची नदी म्हणजे आता
बिटाच्या शेतांमधली कोरडी घळ.)
काळ्या काचेची कपची जपून उचलायची,
परवा मुकद्देसचं बोट कापलं.
एवढी म्हातारी, तरी धार तशीच.
मुकद्देस म्हणाली, थेट माझी आत्या.

खोदकामाच्या बाई सांगतात,
त्या गावाला गल्ली नव्हती. घराला दार नव्हतं.
छपरातून शिडीनं आत उतरायचं,
शेजारणीच्या डोक्यावरून चालत पाण्याला जायचं.
म्हणजे भांडणं किती!
राजाही नव्हता म्हणे,
निदान त्याचं घर अजून हाती लागलेलं नाही.
मला वाटतं, कुणीतरी असणारच
जिला विचारल्याशिवाय
धान्याच्या कणगीचं झाकण निघत नसेल.

भिंती पांढऱ्या मातीनं लिंपायच्या, दर वर्षी.
एका भिंतीत शंभरावर थर मोजले.
चुलीनं काळा, हातानं पांढरा,
काळा,
पांढरा.
हे मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

आणि मेलेले घरातच.
झोपायच्या ओट्याखाली, गुडघे पोटाशी,
थंडीत आपण निजतो तसे.
वर लव्हाळ्याची चटई, चटईवर जिवंत माणसं.
एक म्हातारी निघाली,
तिच्या बरगड्यांना आतून काजळी.
जन्मभर फुंकलेली चूल
सोबतच घेऊन गेली.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मळमळलं.
मग रात्री कूस बदलताना वाटलं,
लांब तरी कुणी गेलं नाही.

तुनजायची नाळ मी शाळेच्या आवारात पुरली होती,
शिकावा म्हणून.
शिकला.
आता डुइसबुर्गला रात्रपाळी करतो,
फोनवर जांभया देतो.
शाळा पाडली. तिथं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे.
दुकानदाराला काय सांगायचं,
तुझ्या गल्ल्याखाली माझं काय आहे ते?

आज तिसऱ्या ताटलीत
मसुराएवढं काहीतरी पांढरं.
दात.
मुकद्देस पुटपुटली, बिचारं लेकरू.
मी चिमटा खाली ठेवला.
बाईंनी तो भिंगाखाली धरला, उलटा केला,
पुन्हा सुलटा.
मूळ नाही याला, म्हणाल्या, विरून गेलंय.
दुधाचा दात आहे, आपला आपण पडलेला.
म्हणजे त्या वेळी तरी
मूल मेलं नव्हतं.
खालून दुसरा येत होता.

मला हसूच फुटलं.
एवढ्या वर्षांनी निरोप आला
की पोर बरं आहे.

चिठ्ठीवर लिहायचं असतं:
खड्डा, थर, वस्तू, नग.
मी लिहिलं, दात, एक.
शेऱ्याचा रकाना आमच्यासाठी नसतो.
चहा आला, निवला.
ताटलीत अजून अर्धा ढीग बाकी,
आणि हात हलला की
कुण्या पोरानं शिडीखाली बसून
जिभेनं ढकलत ढकलत पाडलेली
एक दुपार
डबीत वाजत होती.